चित्रातली मुलगी आणि यंत्रातले कारण

चेतनगुणोक्ती हा अलंकार तुम्ही मराठीच्या तासाला शिकला आहात. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, बोलते असे वर्णन केले की हा अलंकार होतो. भाषेच्या पेपरात त्याला गुण मिळतात. विज्ञानाच्या उत्तरात मात्र तो दिसला की शिक्षक लाल रेघ मारतात. ही रेघ सरसकट मारणे योग्य आहे काय? जपानमधील एक गमतीदार उदाहरण घेऊन याचा विचार करू.

संगणकाची स्मृती, चकती, कळफलक, पडदा या सर्वांचा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणतात. २००३ च्या सुमारास जपानमधील काही हौशी चित्रकार विंडोज या कार्यप्रणालीच्या निरनिराळ्या आवृत्त्या मुलींच्या रूपात रंगवू लागले. चित्रांची धाटणी ॲनिमेची, म्हणजे जपानी कार्टूनपटांची. या मुलींना ‘ओएस-तान’ असे नाव पडले. जपानी लोक लाडाने नावापुढे ‘चान’ लावतात. लहान मुलांच्या बोबड्या बोलात त्याचे ‘तान’ होते.

यांतली पहिली विंडोज एमई. हिरव्या केसांची, कामाला सदैव तत्पर, पण हमखास धडपडणारी. विंडोज २००० ही चष्मा लावणारी, शांत आणि भरवशाची. विंडोज ९५ ही किमोनो नेसलेली, जुन्या वळणाची. विंडोज एक्सपीच्या हाती बरेचदा रिकामा वाडगा दिसतो, कारण तिला सतत भूक लागलेली. आणि भूक कशाची, तर स्मृतीची!

हा पोरखेळ आहे असे कोणी म्हणेल. माझे मत वेगळे आहे. या चित्रांतील प्रत्येक लकब हे एक निरीक्षण आहे. विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट स्मृती पुरत असे, तर २००१ साली आलेल्या एक्सपीला किमान ६४ लागे, म्हणजे सोळापट. रिकाम्या वाडग्याचा अर्थ हाच. एमई आणि २००० या दोन्ही २००० सालीच बाजारात आल्या. मग एक धडपडी आणि दुसरी भरवशाची कशी? एमई ही ९५ च्या घराण्यातली. त्या घराण्यात स्मृतीचे काही महत्त्वाचे भाग सर्व प्रोग्रॅम्सना सामाइक असत. एखाद्या सदोष प्रोग्रॅमने तिथे भलतेच काही लिहिले की सगळा संगणक बंद पडे. विंडोज २००० एनटी नावाच्या निराळ्या घराण्यातली. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमला स्मृतीची स्वतंत्र खोली, आणि शेजाऱ्याच्या किंवा प्रणालीच्या खोलीत शिरायला मज्जाव. एक प्रोग्रॅम कोसळला तरी बाकीचे सहसा चालू राहत. पुढे एक्सपीसाठी हाच पाया घेतला गेला.

पुढे २००९ साली विंडोज ७ च्या वेळी खुद्द मायक्रोसॉफ्टच्या जपानी शाखेने अशीच एक मुलगी पुढे आणली. तिचे नाव मादोबे नानामी. ‘मादोबे’ म्हणजे खिडकीजवळची जागा, आणि ‘नाना’ म्हणजे सात. नाव मोठे चतुर आहे. पण ती जाहिरातीसाठी जन्मली. जाहिरात वस्तूचे दोष कशाला दाखवील? हौशी चित्रकारांनी मात्र रोज वापरलेल्या यंत्राचे दोष पाहिले, नोंदले, आणि तरीही त्यावर माया केली. मला हे प्रेम अधिक मोलाचे वाटते. ज्याला वस्तूचे दोष दिसत नाहीत, त्याने ती नीट पाहिलेलीच नसते.

तरीही एक धोका आहे. ‘एमई धडपडते, कारण ती वेंधळी आहे’ असे म्हणून आपण थांबलो, तर विज्ञान तिथेच संपले. वेंधळेपणा हे कारण नव्हे. ते कारणाला दिलेले टोपणनाव आहे. ‘सोडियमला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो’ हे वाक्य वर्गात तुम्ही ऐकले असेल. ते लक्षात राहते, हा त्याचा गुण. पण सोडियमला इच्छा नसते. इलेक्ट्रॉन का सुटतो हे सांगता आले, तरच ते वाक्य वापरण्याचा आपल्याला अधिकार आहे.

म्हणून शिक्षकांना विनंती, की चेतनगुणोक्ती दिसताच लाल रेघ मारू नका, समासात ‘का?’ एवढेच लिहा. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही आपल्या प्रयोगशाळेतील एखादे उपकरण निवडून त्याचे असेच चित्र काढा. जुना ताणकाटा काही न अडकवताही शून्याच्या खाली उभा असेल, तर त्याला खांदे पडलेला, दमलेला म्हातारा म्हणून खुशाल रंगवा. मात्र चित्राखाली लिहा, की स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे ताणली गेल्याने त्याची स्प्रिंग कायमची लांबली आहे. जी लकब यंत्राच्या भाषेत अशी समजावून सांगता येत नाही, ती चित्रातून खोडून टाका. जी सांगता येईल, ती तुम्ही सहसा विसरणार नाही.