गाडी एकाची, कागद दुसऱ्याचा

जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीवर या पानावर लेख यावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. खाजगी मोटार ही सधनांची चैन आणि सार्वजनिक वाहतूक हाच समाजाच्या हिताचा मार्ग, असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. तत्त्व म्हणून ते आजही खरे आहे. परंतु तत्त्व खरे असले म्हणून वस्तुस्थितीकडे पाठ फिरवता येत नाही. नवी मोटार कोण घेतो हे आपण पाहतो. तिसऱ्या-चौथ्या हातची मोटार कोण घेतो, हे मात्र पाहत नाही. भाजीपाला पहाटे बाजार समितीत पोचवणारा, शाळेची मुले ने-आण करणारा, आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी न्यावे लागणारा आणि एस.टी.ची वाट पाहून थकलेला असा हा माणूस आहे. पतपेढीचे कर्ज काढून किंवा घरातले सोने मोडून तो ही गाडी घेतो. त्याच्या लेखी ती चैन नव्हे. आणि ज्या बाजारात तो ती घेतो, त्या बाजारात त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणीही नाही.

व्यवहार कसा होतो ते पाहा. तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर एजंट भेटतो. गाडी पाहिली जाते, बॉनेट उघडले जाते, टायरला पायाने ठोकले जाते, रक्कम ठरते. मूळ मालकाच्या सह्या असलेले हस्तांतराचे कोरे फॉर्म एजंटाजवळ आधीच असतात. ‘नाव नंतर लावून देतो’ असे तो सांगतो. गाडी घरी येते, तिला हार घातला जातो, नारळ फुटतो. नोंदणीपुस्तकात मात्र पुण्याच्या किंवा नाशिकच्या एका अपरिचित गृहस्थाचे नाव तसेच राहते. दोन वर्षांनी तीच गाडी, तेच पुस्तक आणि तेच कोरे फॉर्म घेऊन पुढच्या माणसाकडे जाते.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला हस्तांतर कळवायचे असते. विकणाऱ्यासाठी २९ क्रमांकाचा आणि घेणाऱ्यासाठी ३० क्रमांकाचा फॉर्म आहे. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा ३५ क्रमांकाचा फॉर्म लागतो. याच कायद्यात ‘मालक’ या शब्दाची व्याख्याही आहे : ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो मालक. पैसे कोणी मोजले, किल्ली कोणाच्या खिशात आहे, याला तेथे महत्त्व नाही.

या व्याख्येचा परिणाम किती दूरवर जातो हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालाने दाखवून दिले. मूळ मालकाने गाडी २००७ मध्ये विकली होती. त्यानंतर ती एकामागून एक अनेक हातांतून गेली. २००९ मध्ये तिच्याकडून प्राणघातक अपघात झाला, तेव्हाही पुस्तकावर नाव पहिल्याचेच होते. न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर ठेवली. अपघातग्रस्ताने न्यायासाठी खरेदी-विक्रीची साखळी एकेक कडी धरून शोधत बसावे, हे न्यायालयाला मान्य नव्हते. ही भूमिका योग्यच आहे. रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या विधवेने टपरीवरच्या एजंटाचा पत्ता शोधायचा काय?

म्हणजे माझी तक्रार कायद्याविरुद्ध नाही. कायदा आणि व्यवहार यांच्यामध्ये जी फट ठेवली गेली आहे, तिच्याविरुद्ध आहे. त्या फटीत दोन्हीकडची माणसे अडकतात. विकणाऱ्याला वाटते, पैसे मिळाले, विषय संपला; आणि एके दिवशी परगावच्या सिग्नलची दंडपावती किंवा न्यायाधिकरणाची नोटीस त्याच्या दारात येते. घेणाऱ्याची अवस्था त्याहून वाईट असते. गाडी त्याच्या अंगणात असते, पण तो तिचा मालक नसतो. कायद्याच्या कलम १५७ मुळे तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर पुढे जातो असे मानले जाते. परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा आपोआप जात नाही. त्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते, आणि पुस्तकावर नाव नसलेल्याला तेच कठीण जाते. गाडी झाडावर आदळली की हप्ता भरणारा हा आणि पॉलिसीवर नाव दुसऱ्याचे, असा पेच उभा राहतो. पोलिसांनी गाडी अडवली तर ती आपली आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याच्याजवळ एजंटाच्या शब्दापलीकडे काही नसते. या साऱ्या व्यवहारात निश्चिंत राहतो तो एकच माणूस : ज्याचे नाव कोणत्याही कागदावर नाही तो मधला.

महाराष्ट्राला हे चित्र नवे नाही. जमीन कसणारा एक आणि सातबारावर नाव दुसऱ्याचे, ही स्थिती मोडण्यासाठी आपल्या आधीच्या पिढीने केवढा संघर्ष केला! १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांमागे एक साधा विचार होता : वस्तूचा खरा उपयोग करणारा आणि कागदावरचा मालक यांच्यात अंतर राहिले की त्या अंतरात शोषण वस्तीला येते. मोटार ही जमीन नव्हे, आणि तिच्या मूळ मालकाला जमीनदार म्हणणे हास्यास्पद ठरेल. तथापि कुळाचे नाव लागू नये म्हणून झटणाऱ्या गावच्या मध्यस्थाची आठवण आरटीओबाहेरच्या टपरीवर झाल्याशिवाय राहत नाही.

नावाइतकाच गंभीर प्रश्न सत्याचा आहे. मुक्त बाजार आपोआप योग्य किंमत ठरवतो, असे आपल्याला सतत ऐकवले जाते. या श्रद्धेला छेद देणारा एक प्रसिद्ध निबंध जुन्या मोटारींच्या बाजारावरच लिहिला गेला आहे, हे त्या श्रद्धेचे प्रचारक क्वचितच सांगतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात आणि घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहतो आणि कमी किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात खराब गाड्याच उरत जातात. २००१ मध्ये त्यांना ज्या कार्यासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याचा हा पाया होता. प्रामाणिक विकणारा आणि गरजू घेणारा, दोघेही तेथे हरतात. यावर अधिक बाजार हा उपाय नाही. माहिती सार्वजनिक करणे हाच उपाय आहे.

आपल्याकडे ती किती दडलेली असते! किलोमीटरचा काटा मागे फिरवणे हा तर उघड धंदा झाला आहे. अमेरिकेने १९७२ मध्येच केंद्रीय कायदा करून त्याला मनाई केली. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी नोंदलेले मैल कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आपल्याकडे पुरात बुडालेली मोटार धुऊन, नवी आसने घालून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते आणि घेणाऱ्याला पहिल्या पावसाळ्यात वायरिंग जळू लागल्यावर ते कळते. विमा कंपनीने पूर्ण नुकसान म्हणून निकालात काढलेले सांगाडे लिलावात जातात. नष्ट झालेल्या गाडीची नोंदणी रद्द करण्याची तरतूद कलम ५५ मध्ये आहे. पण ती टाळली गेली की त्या मेलेल्या गाडीच्या कागदांवर चोरीची गाडी जिवंत होते. चेसिस क्रमांक ठोकून बदलल्याची अशी प्रकरणे पोलीस तपासात वारंवार उघडकीस आली आहेत. ती गाडी जप्त होते तेव्हा चोर दूर असतो आणि पैसे गेलेले असतात ते शेवटच्या खरेदीदाराचे.

‘ग्राहकाने पाहून घ्यायला हवे होते’ असे यावर सांगितले जाते. १९३० च्या माल विक्री कायद्यातही, काही अपवाद सोडता, हेच तत्त्व आहे. परंतु ज्याला पाहता येणे शक्यच नाही, त्याला पाहून घेण्याचा उपदेश करणे हा न्याय नव्हे. याच जाणिवेतून सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली आणि देशाला १९८६ चा आणि पुढे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्या कायद्याचा आधार व्यापारी विक्रेत्याविरुद्ध मिळतो. व्यवहारात एजंट स्वतःला विक्रेता म्हणवतच नाही, आणि मूळ मालक काही व्यापारी नसतो. मग दाद मागायची कोणाविरुद्ध?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्याने नोंदणी अधिकाऱ्याचे प्राधिकारपत्र घ्यायचे असते. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचे मूळ मालकाने ऑनलाइन कळवले की विक्रेता हाच मालक मानला जातो आणि पुढची जबाबदारी त्याच्यावर येते. फट बुजवणारा हा नियम आहे, त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र आपल्या गावातील किती विक्रेत्यांच्या भिंतीवर असे प्राधिकारपत्र टांगलेले आहे, हे वाचकांनी स्वतः जाऊन पाहावे. नियम मोठ्या शहरांतील काचेच्या दालनांपर्यंत पोचतो. टपरीपर्यंत पोचायला त्याला लोकांच्या दबावाची गरज असते.

याच वेळी वरून दुसरा एक ओघ सुरू आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना २०१५ मध्ये बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाने तिची धार काहीशी कमी केली. परंतु मधल्या वर्षांत राजधानीने नाकारलेल्या किंवा लवकरच नाकारल्या जाणाऱ्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत उतरल्या. येथे त्या घेणाऱ्याला ना-हरकत प्रमाणपत्र, नवा क्रमांक आणि राज्याचा कर यांच्या फेऱ्यांत पडावे लागते. कित्येक जण त्या फेऱ्या टाळून परराज्याच्या पाटीवरच गाडी चालवतात आणि नाव पुन्हा अधांतरीच राहते. राजधानीची हवा शुद्ध व्हावी याला कोणाचा विरोध असेल? पण धूर नाहीसा झाला नाही. तो ज्याचा आवाज क्षीण आहे त्याच्या गावी गेला.

त्याच्यावर शुल्काचाही बोजा आहे. पंधरा वर्षांनंतर मोटारीची फेरनोंदणी करण्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. जुनी, धुरकट, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावरून गेलीच पाहिजे. पण ते ठरवायचे असेल तर तपासणी कठोर करा. पैसे भरले की धूर चालतो आणि पैसे नसले की सुस्थितीतील गाडीही चालत नाही, याला पर्यावरणाचे धोरण म्हणता येत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. विकणाऱ्याने विक्री कळवताच ‘विकलेली, नाव बदलणे बाकी’ अशी नोंद वाहन नोंदणीच्या संगणकीय दप्तरात तत्काळ व सर्वांना दिसेल अशी झाली पाहिजे. पूर्ण नुकसानीचा विमा दावा मंजूर झालेल्या प्रत्येक गाडीची नोंद तेथे उघड असली पाहिजे. प्रत्येक तपासणीच्या वेळी काट्यावरचे किलोमीटर लिहिले जाऊन ते कोणालाही पाहता आले पाहिजेत. प्राधिकारपत्राशिवाय जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांवर कारवाई झाली पाहिजे. आणि या सर्वांच्या आधी, १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावू लागलेली आपली एस.टी. पुन्हा वेळेवर आणि गावोगाव धावली पाहिजे. म्हणजे केवळ नाइलाजाने जुनी गाडी घेण्याची पाळी कोणावर येणार नाही.

सरकारकडे मागणी करताना एक काम आपल्यालाही करता येईल. आपल्यापैकी अनेकांनी केव्हातरी एखादी स्कूटर वा मोटार विकलेली आहे आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देण्यात आपण काही गैर केले असे आपल्याला वाटलेले नाही. ती गाडी आज कोणाच्या नावावर आहे, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा आरटीओत जाऊन एकदा पाहावे. ती अजून आपल्याच नावावर असेल तर ज्याने आपल्याकडून ती घेतली, तो माणूस इतकी वर्षे आपल्या सहीच्या भरवशावर रस्त्यावर आहे. त्याला शोधावे आणि त्याचे नाव लावून द्यावे. त्याने पैसे मोजले आहेत. ते नाव त्याचेच आहे.