आवाज आला नाही? मग खरा तास आता सुरू होतो



विज्ञान प्रदर्शनात टेबलाजवळ येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चालतंय का?" चाललं तर शाबासकी, नाही चाललं तर पोरगं मान खाली घालून उभं. म्हणून हल्ली बरीच मॉडेल्स बाजारातून तयारच येतात. ती चालतात, पण का चालतात हे मुलाला सांगता येत नाही. माझं मत असं, की स्वतः बनवलेली वस्तू बंद पडली आणि मुलानं तिचा बिघाड शोधला, तर त्या शोधाला सगळ्यात जास्त गुण द्यावेत. का, ते एका छोट्या डबीच्या उदाहरणावरून सांगतो.

आमच्या जानेफळच्या नववीतल्या एका मुलाला गिटारचा नाद. त्यानं इंटरनेटवरची आकृती पाहून घरीच 'इफेक्ट पेडल' बनवलं. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधे ठेवायची, पायानं बटण दाबायची ही डबी असते. ती गिटारचा आवाज जाड, खरखरीत करते. त्या आवाजाला 'फझ' म्हणतात. 1966 साली बाजारात आलेल्या 'फझ फेस' या प्रसिद्ध पेडलच्या सर्किटमध्ये मोजून 11 भाग होते: 2 ट्रान्झिस्टर, 4 रेझिस्टर, 3 कपॅसिटर आणि 2 फिरवायची बटणं. मुलानं तशीच रचना जोडली. बॅटरी लावली, लाल दिवा लागला, पण आवाज काही येईना!

घरी सूर निघाला, "पैसे गेले वाया, आता अभ्यास कर." कोणी म्हणालं, "विकतच आणायचं ना." खरा धोका इथंच असतो. डबी काय, पुन्हा बनवता येते. पण 'हे आपल्याला जमणारं नाही' हे एकदा मुलाच्या मनात बसलं, की निघत नाही.

आता गंमत बघा. त्याच मुलाच्या वडिलांची विहिरीवरची मोटर बंद पडली, तर ते पाणबुडी मोटर लगेच वर ओढत नाहीत. आधी लाइट आहे का बघतात. मग तिन्ही फेज येतात का, फ्यूज गेला का, स्टार्टर धरतो का, केबल कुठं तुटली का, असं क्रमानं तपासतात. सोपं आधी, अवघड नंतर. बिघाड शोधण्याची ही विद्या आपल्या गावात घरोघरी आहे. वर्गात मात्र तिला जागा नाही.

तीच विद्या डबीला लावली. शिक्षकानं उत्तर सांगायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे, असं ठरलं.

1. डबी बाजूला ठेवून गिटार थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडली तर वाजते का? वाजली. म्हणजे गिटार, वायर, अ‍ॅम्प्लिफायर तिन्ही ठीक.

2. डबी मधे ठेवून तिचं बटण बंद केलं तर साधा आवाज जातो का? गेला. म्हणजे दोन्ही जॅक आणि या बाजूची जोडणी बरोबर. इथंच आवाज गेला असता, तर आधी जॅक आणि पायाचं बटण तपासावं लागलं असतं. जॅकची पट्टी धातूच्या डबीला टेकली, तरी आवाज नाहीसा होतो. म्हणून डबीबाहेर वाजणारं सर्किट कधीकधी डबीत बसवलं की मुकं होतं.

3. वीज सर्किटपर्यंत पोहोचते का? मल्टिमीटरनं थेट पट्टीवर 9 व्होल्ट मोजले. दिवा लागला म्हणजे दिव्यापर्यंत वीज आली, एवढंच सिद्ध होतं. पुष्कळ पेडलमध्ये गिटारची वायर खोचल्यावरच बॅटरी जोडली जाते, हेही ध्यानात ठेवावं.

4. डोळ्यांना काय दिसतं? सोल्डरचा टाका नीट धरला आहे का, दोन टाके एकमेकांना चिकटले का, कपॅसिटरची अधिक-उणे बाजू बरोबर आहे का.

5. आवाज कुठपर्यंत येतो? यासाठी एक सोपं हत्यार घरीच बनतं. अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या वायरच्या टोकाला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडायचा. एकानं गिटार छेडत राहायचं, दुसऱ्यानं ते टोक सर्किटवर इनपुटपासून पुढं एकेका जागी टेकवायचं. आवाज जिथं मरतो, तिथंच चोर लपलेला!

पहिल्या ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायापर्यंत आवाज येत होता, पुढं नाही. मुलानं पुन्हा आकृती पाहिली. तिच्यात 2एन3904 हा ट्रान्झिस्टर होता, यानं आणलेला बीसी547. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून पहिल्याचे पाय एमिटर, बेस, कलेक्टर असतात आणि दुसऱ्याचे कलेक्टर, बेस, एमिटर. दोघांचं रूप एकच, पायांचा क्रम उलटा. दोन्ही ट्रान्झिस्टर फिरवून बसवले आणि डबी खरखरली. पाठ्यपुस्तकातली ट्रान्झिस्टरची व्याख्या आता त्याला पाठ करावी लागणार नाही.

'आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही,' असं काही शिक्षक म्हणतील. पण वरच्या पाचही पायऱ्यांत शिक्षकाला लागतो तो धीर. "आता काय तपासशील? त्यावरून काय कळेल?" हे दोन प्रश्न भाषेचा शिक्षकही विचारू शकतो. गणित चुकलं की फक्त लाल फुली न मारता 'कोणत्या पायरीपर्यंत बरोबर होतं?' असं विचारणं, हीसुद्धा हीच पद्धत. अन् वेळेचं म्हणाल, तर तयार मॉडेल सजवायला लागतो त्यापेक्षा हा वेळ जास्त नाही.

आपल्या महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो खेड्यातल्या मुलांनी हातानं काम करत शिकावं म्हणूनच.

फझचा जन्मही बिघाडातूनच झाला आहे. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स यांच्या 1961 साली गाजलेल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्राचा एक भाग बिघडला आणि गिटारचा आवाज फाटला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी त्याचं कारण शोधलं आणि तसा आवाज मुद्दाम काढणारं यंत्र घडवलं. 1962 मध्ये ते बाजारात आलं.

माझ्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक प्रकल्पासोबत एक 'बिघाड-वही' असावी, तीन रकान्यांची: काय तपासलं, काय दिसलं, त्यावरून काय कळलं. आकारिक मूल्यमापनात तिला गुण द्यावेत. परीक्षकांनी "कुठं अडलं होतं?" हे आधी विचारावं. पालकांनी मोटर दुरुस्त करताना मुलाला सोबत न्यावं, काय तपासतोय ते मोठ्यानं बोलून दाखवावं. हात मात्र लावू देऊ नये. डबीतली 9 व्होल्टची बॅटरी मुलांना निर्धोक आहे, पण 230 व्होल्टवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर मुलांनी कधीही उघडायचा नाही, आणि सोल्डरिंग मोठ्या माणसासमोर, हवेशीर जागीच करायचं.

पुढच्या प्रदर्शनात एखादं मॉडेल बंद दिसलं, तर त्या टेबलाजवळ जरा जास्त वेळ थांबा आणि मुलाला त्याची वही उघडायला सांगा.