जुनी ऑटोमॅटिक गाडी घेताय? आधी 'जरा पळवून दाखवा' म्हणा!

आमच्या अकलूजला दरवर्षी घोडेबाजार भरतो. मुलांना घेऊन तिथं गेलं की मला घोड्यांपेक्षा गिऱ्हाइकांचीच गंमत वाटते. जाणता गिऱ्हाईक घोड्याच्या झुलीकडे आणि गोंड्यांकडे ढुंकूनही बघत नाही. आधी जबडा उघडून दात बघतो, मग खूर उचलून बघतो, आणि शेवटी म्हणतो, "जरा पळवून दाखवा." पैशाची बोलणी त्यानंतर!

हे आठवायचं कारण म्हणजे, गेल्या वर्षी आम्ही जुनी मोटार घेतली, तीही ऑटोमॅटिक. आता तुम्ही म्हणाल, हा काय बायकांच्या सदराचा विषय झाला? का नाही, सांगा पाहू? गाडी चालवणार आपण, घरखर्चातून पैसे वाचवणार आपण, मग पारख तेवढी दुसऱ्यावर का सोडायची?

आमची अडचण साधीच होती. मामंजींचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. ह्यांची नोकरी सोलापूरला, म्हणजे शनिवार-रविवारचेच घरी. दर खेपेला कुणाच्या तरी गाडीसाठी तोंड वेंगाडायचं. "सूनबाई, माझ्यापायी सगळ्यांना त्रास," असं मामंजी म्हणायचे आणि मला भरून यायचं. गाडी मी शिकलेली होते, पण दुचाकीवरून पडल्यापासून माझा डावा गुडघा कुरकुरतो. क्लच दाबदाबून रात्री झोप नाही. म्हणून ठरलं, ऑटोमॅटिकच घ्यायची. नवी परवडणार नव्हती. माझी भिशी, शाळेच्या मानधनातली आर.डी., आणि कमी पडले तेवढ्यासाठी पाटल्या बँकेत ठेवल्या. तेव्हा हा पैसा बुडून चालणार नव्हता.

पहिली गाडी पाहिली ती पुण्याकडची, एमएच १२ची. पांढरीशुभ्र, नवी सीट कव्हरं, आत अत्तराचा वास. एजंट म्हणाला, "वहिनी, नुसतं बसायचं आणि ॲक्सिलरेटर दाबायचा." हे तर खिशात हात घालून टोकन द्यायलाच निघाले होते. मी म्हटलं, "आधी जरा चालवून बघू." गाळपाचे दिवस होते. उसाच्या ट्रॅक्टरमागं रस्त्यावर मुंगीच्या पावलानं जावं लागलं, तर गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरायला लागली. रिव्हर्स टाकला तर आधी काहीच नाही, मग धाडकन दणका! एजंट हसून म्हणाला, "ऑटोमॅटिक अशीच असते, वहिनी."

बायांनो, हे वाक्य कानावर पडलं की समजा, पाणी मुरतंय. चांगली ऑटोमॅटिक अशी नसते. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी तपासून जो खर्च सांगितला, तो गाडीच्या किमतीच्या जवळजवळ तिसरा हिस्सा होता. ह्यांनी हात जोडले आणि आम्ही घरी आलो.

मग मी मिस्त्रींना चहाला बोलावलं आणि वही घेऊनच बसले. त्या वहीतलं तुम्हाला सांगते.

ऑटोमॅटिक म्हणजे एकच प्रकार नव्हे

पहिला प्रकार एएमटी. यात गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट साध्या गाडीसारखीच, फक्त आपल्या डाव्या पायाचं आणि हाताचं काम एक यंत्र करतं. आपल्याकडे हा प्रकार २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आला आणि छोट्या गाड्यांत रुळला. गिअर बदलताना क्षणभर अडखळणं हा याचा स्वभावच आहे, त्याला घाबरू नका. पण गाडी आपणहून न्यूट्रलमध्ये जाते, गिअरचा दिवा लुकलुकतो, उठताना हिसके बसतात, ही दुखण्याची लक्षणं. क्लच प्लेट झिजतेच, तो खर्च आवाक्यातला असतो. गिअर बदलणारं यंत्र बिघडलं तर मात्र खिसा रिकामा होतो.

दुसरा सीव्हीटी. हा तर तुमच्या ओळखीचा! आपली बिनगिअरची स्कूटर याच तत्त्वावर चालते. १९८४ साली आलेली कायनेटिक होंडा आठवते का? दोन पुली आणि त्यांवरून फिरणारा पट्टा, पुली लहानमोठी होते आणि वेग बदलतो. स्कूटरमध्ये पट्टा रबराचा, मोटारीत बहुधा पोलादी. चालायला लोण्यासारखी मऊ. पण इंजिनाचा आवाज खूप वाढतो आणि गाडी मात्र त्या मानानं पुढं जात नाही, किंवा सतत 'कूं' असा आवाज येतो, तर पट्टा घसरतोय असं समजा.

तिसरा टॉर्क कन्व्हर्टर. यात इंजिनाची ताकद तेलामार्फत चाकांकडे जाते. तिघांचौघांत हा जुना, मुरलेला प्रकार. तेल वेळेवर बदललं असेल तर वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही.

चौथा डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाला. पळायला फार चपळ. पण त्यातल्या कोरड्या क्लचच्या जातीला रांगत चालण्याचं वावडं, क्लच तापतात. २०१३ साली फोक्सवॅगन कंपनीला अशा गिअरबॉक्सपायी चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीची ही कथा, तर आपण डोळे उघडे ठेवायला नकोत का? सगळ्याच डीसीटी वाईट असतात असं नाही. पण जुनी घेताना मागचा इतिहास हवाच. आणि उसाच्या हंगामात आपल्या भागात रांगल्याशिवाय गत्यंतर नाही, हेही लक्षात घ्या.

बघायला जाल तेव्हा

१. गाडी थंड असतानाच बघा. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विचारा, "आधीच का सुरू केली होती?" काही दुखणी फक्त थंड गाडीतच दिसतात, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

२. ब्रेक दाबून धरा आणि आधी 'डी', मग 'आर' टाका. एक-दोन सेकंदांत गाडीनं हळूच प्रतिसाद द्यायला हवा. उशीर नको, दणका नको.

३. निदान अर्धा तास चालवा. पाच मिनिटांच्या चकरीत काही कळत नाही. थोडं गर्दीत रांगत, थोडं मोठ्या रस्त्यावर वेगात, आणि एखाद्या चढावर थांबवून पुन्हा उचलून. चढावर उलटी घेऊनही बघा. इंजिन गरम झाल्यावर थरथर सुरू होते का, तिकडे लक्ष असू द्या. त्या वेळी रेडिओ बंद!

४. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते विचारा. "हे तेल जन्मभर चालतं" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. आपण तळणीचं तेल तरी जन्मभर वापरतो का? ज्या गाडीत तेल बघायची सोय आहे, तिथं मिस्त्रीकडून बघून घ्या. काळंकुट्ट, करपलेल्या फोडणीसारखा वास येणारं तेल असलं तर ती गाडी सोडा.

५. कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद मागा आणि मिस्त्रींना स्कॅनर लावायला सांगा. जपलेल्या नोंदी नव्या सीट कव्हरपेक्षा कितीतरी मोलाच्या.

६. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग दिसतो. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या. गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक भागांना ओल सोसत नाही.

७. कागदपत्रं: आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, हे पुष्कळजणी विसरतात. आमचं आरटीओ गावातच, एमएच ४५, त्यामुळे मला फार धावपळ पडली नाही.

घेतल्यानंतर

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय 'डी'वरून 'आर'वर जाऊ नका. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक वापरा, नाहीतर क्लच जळतो. 'पी' असेल तर आधी हँडब्रेक, मग 'पी'. बहुतेक एएमटी गाड्यांना 'पी' नसतो, तिथं गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा. आणि आपल्याकडची खास सवय, बंद पडली की ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायची, ती ऑटोमॅटिकला करू नका. गिअरबॉक्स कायमचा कामातून जाऊ शकतो. गाडी उचलून नेणारं वाहनच बोलवा.

आम्ही शेवटी काय घेतलं, ते विचाराल. एका निवृत्त शिक्षकांची छोटी एएमटी. रंग थोडा उडालेला, दारावर ओरखडा, पण सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या तारीखवार लावलेल्या. क्लच प्लेट बदलायला झाली होती, ते त्यांनी आपणहून सांगितलं आणि तेवढी किंमत कमी केली. शेजारणी म्हणाल्या, "जुनाट दिसते हो!" दिसू दे. त्या दिवशी मामंजींना दवाखान्यातून आणताना ते मागच्या सीटवर शांत झोपले होते. घर आलं तरी उठवावंसं वाटेना.

पाटल्या अजून बँकेतच आहेत. पुढच्या संक्रांतीपर्यंत सुटतील असा हिशेब आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, झूल बघून भुलू नका. दात बघा, खूर बघा, आणि टोकन देण्याआधी ठणकावून म्हणा, "जरा पळवून दाखवा!"