निखाऱ्यावरचे धोंडस आणि आमची पथ्यपत्रिका

गतवर्षी मार्गशीर्षात आम्ही चिकित्सालयास पाच दिवस कुलूप लावले आणि देवगड तालुक्यातील एका आप्तांच्या रिकाम्या घरी एकटेच जाऊन राहिलो. वैद्याने विनाकारण असे एकट्याने कोठे जावे, हे आपल्या व्यवसायात फारसे घडत नाही. अधिवेशन, चर्चासत्र, लग्नकार्य किंवा तीर्थयात्रा यांखेरीज आपले दार बंद राहत नाही. आमचे दार बंद राहण्यास मात्र कारण होते, आणि तेच येथे प्रथम सांगितले पाहिजे.

आमच्याकडे प्रमेहाचे एक वृद्ध रुग्ण अनेक वर्षे येत असत. निवृत्त शिक्षक, वेळेचे पक्के, औषध कधी न चुकविणारे. पहिल्याच भेटीत त्यांच्या पथ्यपत्रिकेवर आम्ही ‘गोड व बेकरीचे सर्व पदार्थ बंद’ असे लिहिले होते. ही ओळ आमच्या हाताला इतकी सवयीची झाली आहे की ती लिहिताना रुग्णाकडे पाहावेही लागत नाही. दोन वर्षांपूर्वी ते गृहस्थ आले ते केशवपन केलेल्या डोक्याने. कोकणात राहणारी त्यांची थोरली बहीण वारली होती. बोलता बोलता ते म्हणाले, “वैद्यराज, दर भाऊबिजेला ती माझ्यासाठी धोंडस करायची. तुम्ही बंद केल्यापासून सहा वर्षे मी तिचे ताट परत केले. आता प्रश्नच मिटला.” स्वरात तक्रार नव्हती. त्यामुळेच आम्हाला ते अधिक लागले.

त्याच भेटीत, केवळ बोलणे पुढे न्यावे म्हणून, आम्ही त्यांचा सकाळचा आहार विचारला. दोन वेळा चहा, प्रत्येक वेळी दोन टोस्ट किंवा एक खारी. “ते गोड कुठे असते? आणि टोस्ट तर आजाऱ्याचे खाणे!” बहिणीच्या हातचा वर्षातून एक तुकडा त्यांनी सोडला होता आणि मैदा व वनस्पती तूप दिवसातून दोनदा चालू होते. दोष त्यांचा नव्हता. आम्ही ‘बेकरी’ लिहिले, पण बेकरी म्हणजे काय हे विचारले नाही. धोंडस म्हणजे काय हे तर आम्हाला स्वतःलाही धड ठाऊक नव्हते. जे आपण कधी शिजविले नाही, क्वचितच चाखले, ते कोणत्या अधिकाराने बंद केले, हा प्रश्न मनातून जाईना. म्हणून आम्ही ते स्वतः करून पाहण्यास गेलो.

ज्या वाचकांना हा पदार्थ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात कोकणातील परसात मोठी काकडी धरते. ती वेलीवर पिकून पिवळी होते तेव्हा तिला तवसे म्हणतात. अशी तवशी घरात टांगून पुढे काही महिने ठेवता येतात. तवसे किसावे, त्यापूर्वी देठाकडचा तुकडा चाखून पाहावा, कारण एक कडू तवसे सगळा पाक वाया घालविते. तीन वाट्या किसास दोन वाट्या तांदळाचा रवा, दीड वाटी गूळ, एक वाटी ओले खोबरे, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड. रवा तुपावर मंदाग्नीवर भाजावा. कीस त्याच्याच पाण्यात गुळासह उकळावा, त्यात रवा व खोबरे घालून घट्ट होईपर्यंत ढवळावे. मग जाड बुडाच्या पातेल्यात केळीचे पान घालून त्यावर हे मिश्रण थापावे, वर झाकण ठेवावे, आणि खाली व झाकणावर निखारे ठेवून तासभर भाजावे. गोव्यात यालाच तवसळी म्हणतात. मैदा नाही, अंडे नाही, फुगविणारा क्षार नाही.

रसशाळेत ज्यांनी शराव-संपुट करून पुटे दिली आहेत, त्यांना ही रचना पाहताच ओळखीची वाटेल. आम्हालाही वाटली, आणि त्या ओळखीनेच आमचा घात केला. अग्नी खालून भरपूर हवा अशा समजुतीने आम्ही पातेल्याखाली निखारे रचले. पाऊण तासाने करपल्याचा वास शेजारच्या घरापर्यंत गेला आणि तेथील आजी कुंपणाशी येऊन म्हणाल्या, “वैद्यांनू, खाली इंगळे कमी, वयर जास्ती घालूचे. धोंडस म्हणजे भाकरी न्हय.” दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा मांडणी केली. त्यांनी घड्याळ पाहिले नाही. झाकणावर निखारे ठेवल्यानंतरचा वास आणि पातेल्याच्या कडेने सुटणारी वाफ, एवढ्यावर त्यांनी पाकसिद्धी ओळखली. ते लगेच कापू लागलो तेव्हा त्यांनी हात धरला; निवाल्याशिवाय वडी पडत नाही म्हणाल्या. ‘स्वांगशीत’ हा शब्द आम्ही विद्यार्थ्यांना किती वर्षे शिकविला असेल! त्याचा अर्थ त्या दिवशी भूक लागलेली असताना समजला.

त्या संध्याकाळी आम्ही अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय पुन्हा काढला. तेथे वाग्भटाचार्य सांगतात की एकाच धान्याचे अपूप कुकूल, कर्पर, भ्राष्ट्र, कंदू आणि अंगार यांवर क्रमाने भाजले असता ते उत्तरोत्तर लघू होतात. धान्य तेच, बदलतो तो केवळ भाजण्याचा प्रकार. भुसाच्या धुमसत्या आगीपासून धगधगीत निखाऱ्यापर्यंत आचार्यांनी लघुत्वाच्या पाच पायऱ्या मोजल्या. आणि त्यांचे वारस म्हणविणाऱ्या आमच्याजवळ या सर्वांसाठी एकच शब्द उरला आहे: ‘बेकरी’.

याचा अर्थ धोंडस लघू आहे असा कोणी घेऊ नये. गूळ, खोबरे आणि तूप यांच्या संयोगाने तो पदार्थ गुरूच राहतो. गूळ नैसर्गिक आहे म्हणून प्रमेहात चालतो, हा समज तर आपल्यापैकी काहींनीच रुग्णांत पसरविला आहे. गुळात बहुतांश साखरच असते, रक्तातील शर्करा तो वाढवितोच, आणि चरकाचार्यांनी गुळाच्या पदार्थांची गणना प्रमेहाच्या हेतूंतच केली आहे. तेव्हा आमचे म्हणणे बंधने सैल करावीत असे नाही. बंधन घालण्यापूर्वी त्या द्रव्याचा विचार झाला पाहिजे, एवढेच आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही आठ आहारविधिविशेषायतने दिली. त्या शिक्षकांच्या बाबतीत आम्ही यांपैकी एकही तपासले नाही. टोस्टाच्या बाबतीत संयोग आणि राशी तपासली असती तर तो पहिल्याच दिवशी बंद झाला असता. धोंडसाच्या बाबतीत राशी, काल आणि उपयोक्ता पाहिला असता, तर शर्करा आटोक्यात असताना जेवणातला भात वगळून बोटाएवढा तुकडा द्यावा की न द्यावा, याचा निर्णय विचारपूर्वक झाला असता. कदाचित तो ‘नाही’ असाच झाला असता. पण तो आमचा निर्णय असता. छापील ओळीचा नव्हे.

एकटे असण्याचाही येथे उपयोग झाला. घरी पंक्तीत आपण किती खातो हे बहुधा वाढणारा ठरवितो. तेथे वाढणारे आम्हीच आणि जेवणारेही आम्हीच. पहिल्या दिवशी हौसेने तीन वड्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत क्षुधा नव्हती, उद्गारशुद्धी नव्हती, अंग जड होते. नंतर एकच वडी, दुपारच्या जेवणाच्या प्रारंभी, गप्प बसून, खाण्याकडे लक्ष देऊन खाल्ली. सायंकाळी यथाकाल भूक लागली. हेमंतात, अग्नी प्रबळ असताना, साठी उलटलेल्या आमच्या शरीराची या पदार्थाची मात्रा एक वडी आहे, हे आम्हास कोणत्याही ग्रंथाने सांगितले नसते. उरलेले धोंडस आजींकडे पोचते केले. त्यांनी करपलेल्या पहिल्या पातेल्याचीही चौकशी केली, हे प्रांजळपणे नोंदवितो.

आता औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींशी दोन शब्द. आपल्या फळीवर अलीकडे च्यवनप्राशाच्या शेजारी ‘आयुर्वेदिक’ म्हणविणारी बिस्किटे व कुकी दिसू लागल्या आहेत. २०२२ साली अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ‘आयुर्वेद आहार’ यासंबंधीचे विनियम अधिसूचित केले. शास्त्रग्रंथांतील पाककृती, घटक आणि प्रक्रिया यांना अनुसरून केलेला आहार त्यात अभिप्रेत आहे. औषधे त्यात येत नाहीत. त्याच वर्षापासून खाद्यतेल व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली. ही पावले चांगलीच आहेत. परंतु मैदा, साखर आणि पाम तेल यांत चिमूटभर शतावरी किंवा अश्वगंधा मिसळल्याने बिस्किटाचे पथ्य होत नाही. मध घालून भाजलेल्या बिस्किटांची तर आपल्याकडे मोठ्या कौतुकाने विक्री होते. उष्ण मध वर्ज्य, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थी जाणतो. अवलेह करताना मध पाक थंड झाल्यावरच घालावा, हे आपण रसशाळेत कटाक्षाने पाळतो. आणि तोच मध भट्टीतून निघालेल्या पुड्यात असेल तर त्यावर आपणच ‘आरोग्यदायी’ अशी पाटी लावतो. आपल्या फळीवरून जे जाते त्यास ग्राहक वैद्याची संमती समजतो. म्हणून पुड्याच्या मागील बाजूचे बारीक अक्षर प्रथम आपण वाचावे, मगच माल मागवावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. दिवसाला चाळीस रुग्ण पाहणाऱ्याने प्रत्येकाशी खाद्यपदार्थांची चर्चा कधी करावी? शिवाय थोडी सूट दिली की रुग्ण हात पसरून घेतो, म्हणून सरसकट बंदीच सुरक्षित. पहिल्यावर आमचे उत्तर असे की प्रश्न पाचच पुरतात: पीठ कोणते, स्नेह कोणता, गोडी कशाची, एका वेळी किती, आणि महिन्यातून कितीदा? यास दोन मिनिटे लागतात. आम्ही गेले वर्षभर विचारीत आहोत. दुसऱ्याविषयी म्हणायचे तर, सरसकट बंदी पाळणारा रुग्ण आम्ही क्वचित पाहिला. बहुतेक जण ती आपल्या समजुतीप्रमाणे वाकवितात. जो शब्दशः पाळतो, तो त्या शिक्षकांसारखा पाळतो. दोन्हीकडे जबाबदारी आपलीच असते.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वैद्याने, पुरुष असो वा स्त्री, वर्षातून एकदा, शक्यतो एकट्याने, आपण रुग्णांना नेहमी बंद करतो असा एक पदार्थ स्वतःच्या हाताने करून पाहावा. निखारे नसतील तर जाड पातेले आणि मंद आच चालेल, विजेची भट्टीही चालेल. किती तूप लागते ते पाहावे, किती गूळ जातो ते मोजावे, आणि खाल्ल्यानंतर आपली भूक केव्हा परतते त्याची नोंद ठेवावी. मग पथ्यपत्रिका लिहावयास बसावे.

ते शिक्षक अजून येतात. टोस्ट आणि खारी बंद झाली आहे. त्याजागी ज्वारीच्या लाह्या चालू आहेत. गेल्या भाऊबिजेच्या सुमारास आम्ही त्यांना विचारले, घरी कोणी धोंडस करते का? त्यांनी मान हलविली. ती कृती बहिणीबरोबरच गेली म्हणाले. आजींकडून शिकलेली कृती आम्ही त्यांना लिहून दिली, आणि खाली मात्राही लिहिली. त्यांनी तो कागद औषधाच्या चिठ्ठीबरोबर घडी घालून खिशात ठेवला. सहा वर्षे उशीर झाला होता. परंतु जे आपण लिहिले ते काय आहे, हे या वेळी आम्हास ठाऊक होते.

इत्यलम्.