उद्यानाचा आराखडा आखण्यापूर्वी

विदर्भातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, मे महिन्यातील दुपारी नगर परिषदेच्या उद्यानात जाऊन पाहावे. वाजतगाजत उद्घाटन झालेले कारंजे कोरडे ठणठणीत असते. घसरगुंडीचा पत्रा हात भाजेल इतका तापलेला असतो. सिमेंटच्या गट्टूंमधून उष्ण वाफा निघत असतात. बाकावर नाव ठळक असते, सावली मात्र नसते. रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली चार वृद्ध सुखाने बसलेले दिसतात. उद्यानासाठी एक पैसाही न मिळालेल्या त्या चिंचेने उद्यानाचे काम केव्हाचे पत्करलेले असते.

पवनीसारख्या गावात एखाद्या वस्तीतील उद्यानाच्या पुढील सुधारणांचा विचार करताना या चिंचेपासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. आपल्याकडे आरंभ होतो तो निधीपासून. निधी आला की अंदाजपत्रक, अंदाजपत्रकात प्रवेशद्वार, पदपथ, हायमास्ट दिवा, ओपन जिम, आणि उरलेच तर रोपे. वस्तुतः हा क्रम उलटा हवा. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हा नगरपालिकांच्या कार्यकक्षेतील स्वतंत्र विषय म्हणून नोंदला गेला आहे. २०१५ची ‘अमृत’ योजना ५०० शहरांपुरती होती. २०२१मध्ये आलेल्या दुसऱ्या टप्प्यात लहान नगरपालिकांनाही स्थान मिळाले. म्हणजे अधिकार आहे, योजनाही आहेत. तरीही बागा ओसाड पडतात, कारण बांधण्यासाठी पैसा मिळतो आणि माळ्याच्या पगारासाठी मिळत नाही. बांधकामाचे छायाचित्र वृत्तपत्रात छापून येते. रोज सकाळी झारीने पाणी घालणाऱ्या माणसाचे कोण छापणार? (आम्ही पत्रकारही या दोषातून मुक्त नाही.)

पवनीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी अन्य गावांच्या आराखड्यात सहसा येत नाही. हे गाव तीन बाजूंनी तट आणि खंदक, तर चौथ्या बाजूने वैनगंगा अशा वेढ्यात वसलेले आहे. १९६९-७०मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखालील त्या कामात, जगन्नाथ टेकडी म्हणून लोक ज्या उंचवट्याकडे पाहत आले होते, त्याच्या पोटातून भव्य बौद्ध स्तूप प्रकट झाला. कठड्याचे कोरीव स्तंभ निघाले, मुचलिंद नागाचे शिल्प निघाले, ब्राह्मी लिपीतील दानलेख निघाले. ज्या गावाच्या मातीत हे सारे आहे, तेथे बागेत कारंज्यासाठी खड्डा खणणे ही साधी गोष्ट राहत नाही. केंद्रसंरक्षित स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये पूर्वपरवानगी, असा २०१०च्या दुरुस्तीनंतरचा कायदा आहे. तेव्हा आराखड्याच्या नकाशावर पहिली रेघ ओढायची ती ही. ज्या बागा या रेघेबाहेर आहेत तेथेही जेसीबी लावण्यापूर्वी जाणत्या माणसाला बोलवावे. जुनी वीट निघाली, नाणे निघाले, तर काम थांबवून जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. १८७८च्या निखात निधी अधिनियमाची अपेक्षा तीच आहे. या सूचनेने ठेकेदाराची गैरसोय होईल. होऊ द्यावी.

त्या दानलेखांवरून आठवले. उद्यानांतील नामफलकांची आपण टिंगल करतो. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या पवनीकरांनीही स्तंभ देताना आपली नावे दगडावर कोरविली होतीच. नाव राहावे ही इच्छा मानवी आहे, तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. भेद इतकाच की, त्या दात्यांनी दान स्वतःच्या गाठीतून दिले होते. आजचा फलक बहुधा करदात्यांच्या पैशातून उभा राहतो आणि नाव मात्र भलत्याचेच असते. स्वखर्चाने दहा वर्षे एक वड सांभाळील त्याचे नाव त्या वडाखाली खुशाल लावावे.

झाडांविषयी थोडे विस्ताराने. शोभेच्या, झटपट वाढणाऱ्या परदेशी झाडांचा मोह आपल्याला फार. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसतो देखणा, पण मुळे उथळ, लाकूड ठिसूळ, आणि वादळात फांदी कोणाच्या डोक्यावर येईल सांगता येत नाही. आपल्या मातीत कडुलिंब, करंज, जांभूळ, अर्जुन, मोह, बहावा उभे असताना उसनवारी कशाला? कडुलिंब आणि करंज यांची पालवी ऐन उन्हाळ्यात हिरवी असते, म्हणजे सावली नेमकी हवी तेव्हा मिळते. जांभळाला मुले येतील, पाखरे येतील आणि फरशी जांभळी होईल, अशी तक्रारही येईल. त्यासाठी जांभळाखाली फरशी घालू नये, हा त्यावरचा उपाय.

फरशीचेच बोलायचे तर भंडारा जिल्ह्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतांशी चार महिन्यांत. हे पाणी गट्टूंवरून वाहून गटारात जाते आणि फेब्रुवारीपासून आपण बोअरवेलच्या नावाने बोटे मोडतो. या जिल्ह्याच्या पूर्वजांनी तलाव बांधण्याची विद्या अशी कमावली की भंडारा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला गेला. त्यांच्या वंशजांना बागेच्या उतारावर एक शोषखड्डा काढता येऊ नये? नदीकाठच्या वस्त्यांत तर पाण्याचा दुसरा चेहराही ध्यानी ठेवावा लागतो. ऑगस्ट २०२०मध्ये गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले, तेव्हा वैनगंगेने काठच्या गावांत काय केले हे पवनीकरांना नव्याने सांगायला नको. अशा सखल जागी लोखंडी खेळणी आणि विजेच्या पेट्या बसविण्यापेक्षा मोकळे गवत राखणे शहाणपणाचे.

आता कुंपण. दादरचे शिवाजी पार्क १९२५मध्ये खुले झाले. त्याच्या सभोवतालचा बुटका कट्टा ही त्या मैदानाची खरी श्रीमंती आहे. कट्ट्यावर कोणीही बसतो, आतले खेळ पाहतो, आणि पाहणाऱ्या डोळ्यांमुळे मैदान आपोआप सुरक्षित राहते. उंच जाळी आणि कुलूप लावले की उद्यान सुरक्षित होत नाही, निर्मनुष्य होते. आणि निर्मनुष्य जागेत काय चालते हे आपण जाणतो. स्त्रिया सायंकाळी तेथे का जात नाहीत, हे त्यांनाच विचारावे. उत्तरात बहुधा दोन गोष्टी येतील, स्वच्छतागृह आणि अंधार. दोन्हींची किंमत संगीत कारंज्याहून कमीच असते.

देखभाल परवडत नाही म्हणून खासगी संस्थांच्या हाती बागा सोपविण्याचा मार्ग सुचविला जातो. मुंबई महापालिकेने जानेवारी २०१६मध्ये मोकळ्या भूखंडांच्या दत्तक धोरणाला मंजुरी दिली, तेव्हा नागरिकांतून इतका विरोध झाला की मुख्यमंत्र्यांना त्यास स्थगिती द्यावी लागली. पवनीत तो धोका त्या प्रमाणात नाही हे खरे; तथापि एकदा मंगल कार्यालयासारखी भाड्याने जाऊ लागलेली बाग वस्तीला परत मिळणे कठीण. त्याऐवजी वस्तीतील दहा-बारा घरांची समिती, एक कायमचा माळी, आणि नगर परिषदेच्या अर्थसंकल्पात त्याच्या वेतनाचे वेगळे शीर्षक, एवढे झाले तरी पुष्कळ.

आराखड्याची पहिली सभा नगर परिषदेच्या पंख्याखाली न घेता उद्यानातच भरवावी, आणि तीही मे महिन्यात, दुपारी चार वाजता. अभियंत्यांनी, नगरसेवकांनी आणि आपण सर्वांनी तासभर त्या बाकांवर बसावे.