कच्च्या लिंबाला सोबत घ्या

गेल्या जूनमध्ये माझा भाचा अकरावीसाठी आमच्याकडे राहायला आला. वय १६. दहावीपर्यंत गावात उर्दू माध्यमात शिकलेला, अभ्यासात बरा, बोलण्यात संकोची. मला वाटले, नवे घर आहे, हळूहळू रुळेल. महिना झाला तरी तो जेवणापुरता बाहेर यायचा आणि विचारले तेवढेच बोलायचा. कॉलेजातही तेच. मराठीच्या तासाला उभे राहून वाचताना ‘शाळा’चे ‘शाला’ झाले, मागचे बाक हसले आणि त्या दिवसापासून त्याने हात वर करणे सोडले. हे त्याने मला सांगितले नाही. त्याच कॉलेजात बारावीला असलेल्या माझ्या मुलीने सांगितले.

माझा मोठा मुलगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इशाच्या नमाजनंतर तो आणि त्याचे चुलतभाऊ मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळतात. मीच त्याला म्हटले होते, भावालाही सोबत घे, तेवढाच मिसळेल. एके रात्री दुधाचे पेले घेऊन खोलीत गेले, तर मुलगा ओरडत होता, “आंधळा आहेस का? समोर उभा होता तो! तुझ्यामुळे हरलो!” मला वाटले, फोनवर कुणाला तरी बोलतोय. पण ते बोलणे त्याच गादीवर, दोन हातांवर बसलेल्या भाच्याला होते. त्याने मोबाइल उशीवर पालथा ठेवला आणि हळूच म्हणाला, “मला नाही जमत, भाई. तुम्ही खेळा.”

वर्गात मी हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. फळ्यासमोर, वाचनाच्या तासाला, कबड्डीच्या मैदानावर. ‘मला नाही जमत’ म्हणणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा म्हणायचे असते की, मला पुन्हा हसू नका.

काही वाचक इथेच थांबून विचारतील, शिक्षिका असून तुम्ही मुलांना गोळीबाराच्या खेळाला लावता? प्रश्न रास्त आहे. ज्या घरात हा खेळ नाही, त्या घरात तो आणावा असे मी म्हणणार नाही. पण आपल्या वाड्या-मोहल्ल्यांतल्या किती घरांत तो आधीच येऊन बसला आहे, हे आपण सगळे जाणतो. पूर्वी याचे नाव पबजी होते. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परत आला, २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. बंद्या आल्या-गेल्या, मुले खेळतच राहिली. तेव्हा खेळ कसा आहे याइतकेच, आपली मुले त्यात एकमेकांशी कशी वागतात, हेही घरातल्या मोठ्यांनी पाहिले पाहिजे.

खेळ थोडक्यात असा. सुमारे १०० खेळाडू विमानातून एका बेटावर छत्रीने उतरतात. हातात काहीच नसते. घरांमधून हत्यारे, हेल्मेट, औषधे शोधायची. खेळायची जागा भोवतालच्या निळ्या कड्यामुळे लहान लहान होत जाते आणि शेवटी जो संघ उरतो, तो जिंकतो. संघात चार जण. त्यातल्या कुणाला गोळी लागली तर तो लगेच बाद होत नाही, गुडघ्यावर येतो, रांगू शकतो. सोबती जवळ येऊन त्याला पुन्हा उभे करू शकतो. त्याला दहाएक सेकंद लागतात आणि तेवढा वेळ वाचवणाऱ्याला स्वतः गोळी चालवता येत नाही. हे ऐकून मी मुलाला विचारले, “तू भावाला उचलायला कितीदा गेलास?” तो गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मुलाला म्हटले, “मला शिकव.” सगळे हसले. पण भाचा समोर बसला होता आणि मला तेच हवे होते. अम्मीवर ओरडता येत नाही!

नवे खाते उघडून दिले. विमानातून उडी मारली, छत्री कुठे चालली हे कळेना, एका अंगठ्याने चालायचे आणि दुसऱ्याने बघायचे हेच जमेना. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि माझी बंदूक आभाळाकडे. कपाळाला घाम आला. चाळिशी ओलांडलेल्या, चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईची ही गत, तर १६ वर्षांच्या मुलाचे काय होत असेल? मुलाने तोंड उघडले, मग आवंढा गिळून म्हणाला, “काही हरकत नाही, अम्मी. आधी फक्त चालायला शिका.” मी म्हटले, “बघ, येतं तुला. आता याच आवाजात त्याला सांग.”

तेवढ्यात भाचा सरकून जवळ आला. “खाला, डाव्या अंगठ्यावर जोर देऊ नका. माझ्या मागे मागे चला.” त्या घरात आल्यापासून त्याने आपणहून बोललेले ते पहिले वाक्य असावे.

आमच्या लहानपणी गल्लीत लपाछपी असो, लगोरी असो, लहानग्याला ‘कच्चे लिंबू’ म्हणून खेळात घेत. तो बाद होत नसे, त्याच्यावर राज्य येत नसे, पण तो खेळात असे. धावायचे कसे, लपायचे कुठे, हे तो मोठ्यांच्या मागे पळत पळत शिके. आणि एक दिवस तोच हट्ट धरी की, मी आता कच्चे लिंबू नाही, माझ्यावरही राज्य येऊ द्या. मोबाइलच्या खेळात हा रिवाज राहिला नाही. तिथे पहिल्याच दिवशी मुलगा पक्क्या गड्यांत उभा केला जातो आणि चुकला की ‘नूब’ म्हणून हिणवला जातो.

यावरून मला मुआविया बिन हकम सुलमी (रजि.) यांचा प्रसंग आठवतो. ‘सहीह मुस्लिम’मध्ये तो आला आहे. ते इस्लाममध्ये नवीन होते. प्रेषित (स.) यांच्यामागे नमाज चालू असताना कुणाला तरी शिंक आली आणि यांनी मोठ्याने ‘यर्हमुकल्लाह’ म्हटले. सगळे डोळे वटारून पाहू लागले. आपले काय चुकले हे त्यांना कळेना, म्हणून ते आणखी बोलले. मग लोकांनी मांड्यांवर हात आपटून त्यांना गप्प केले. नमाज संपल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना झिडकारले नाही, मारले नाही, टाकून बोलले नाहीत. नमाजमध्ये लोकांशी बोलायचे नसते, ती तस्बीह, तकबीर आणि कुरआन पठणासाठी असते, एवढेच समजावले. आपण असा उत्तम शिक्षक ना आधी पाहिला ना नंतर, असे ते सांगत. नमाज कुठे आणि खेळ कुठे, मी दोहोंची बरोबरी करत नाही. पण भरल्या रांगेत एकट्याचे चुकणे आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर वळणे, ही भीती सगळीकडे सारखीच असते. तिच्यावरचा इलाजही आपल्याला दाखवून दिलेला आहे.

आता नवख्यांसाठी, माझ्या मुलांकडून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

थेट मोठ्या सामन्यात उतरू नका. खेळातच सरावाचे मैदान आहे, तिथे निवांत नेम धरून पाहा. मग ‘टीम डेथमॅच’ खेळा. त्यात चार विरुद्ध चार असतात, पडलात तरी काही क्षणांत पुन्हा उभे होता आणि ज्या संघाचे आधी ४० बळी होतात, तो जिंकतो. हात तिथेच सुटतो. नंतर ‘लिविक’सारख्या लहान नकाशावर जा. तो सामना लवकर संपतो, त्यामुळे हरल्याचे दुःखही लहान.

विमानातून उतरताना सोबत्याच्या मागे उतरण्याचे बटण असते, ते वापरा. ‘पोचिंकी’सारख्या गर्दीच्या गावात पहिल्याच दिवशी उतरू नका. विमानाच्या वाटेपासून दूरची चार घरे बरी.

बोलायला भीती वाटत असेल तर बोलू नका. नकाशावर खूण करता येते, तयार संदेश पाठवता येतात. शत्रू दिसला तिथे खूण करणारा गडी एकही गोळी न झाडता संघाच्या उपयोगी पडतो. कानात इअरफोन घाला, पावलांचा आवाज कुठून येतो ते ऐका. शिव्या देणाऱ्या अनोळखी माणसाचा आवाज एका बटणाने बंद होतो. तो बंद करण्यात कसलीही हार नाही.

आणि हे जाणून घ्या की, दर वेळी चूक तुमची नसते. सुरुवातीच्या पायरीवर समोर बरेचसे संगणकाने चालवलेले खेळाडू असतात. पण सोबत वरच्या पायरीचा भाऊ असला की समोरही तसेच तगडे गडी येतात. माझ्या भाच्याचे नेमके हेच झाले होते. पोहायला शिकणाऱ्याला भावांनी भर पुरात नेले होते.

म्हणून जुन्या खेळाडूंनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. नवख्याला आणले असेल तर ती रात्र त्याची समजा, तुमच्या गुणांची नव्हे. चूक त्या क्षणी ओरडून सांगू नका, सामना संपल्यावर सांगा, आणि एका वेळी एकच. तो पडला तर उचलायला जा. ते दहा सेकंद धोक्याचे असतात, कधी दोघेही जाल. पण ज्याच्यासाठी कुणी परत आले, तो पुढच्या वेळी मोबाइल पालथा ठेवणार नाही. आणि त्याला जन्मभर कच्चे लिंबूही ठेवू नका. थोडे जमू लागले की कुठे उतरायचे हे त्याला ठरवू द्या. फसला तर फसला.

आईवडिलांनी काही गोष्टी पक्क्या कराव्यात. १८ वर्षांखालील खेळाडूसाठी पालकांची संमती आणि रोज ३ तासांची मर्यादा या खेळातच ठेवलेली आहे. ३ तासही फार झाले, आमच्या घरी कॉलेजच्या दिवसांत एक तास. मोठा सामना अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि मध्येच थांबवता येत नाही, म्हणून अजानला २० मिनिटे असताना तो सुरूच करायचा नाही. सोबत्यांना अर्ध्यावर टाकायचे नाही आणि नमाजही टाळायची नाही, यावर हाच उपाय. पैसे देऊन नशिबाने वस्तू निघणाऱ्या पेट्या असतात, त्या आमच्या घरी बंद. ते मला सोडतीसारखेच वाटते. माझी मुलगी अनोळखी संघात माइक बंद ठेवते. आणि कधीतरी दारात उभे राहून ऐका. खेळ नाही, मुलांची भाषा ऐका.

भाच्याला येऊन आता बरेच महिने झाले. तो काही मोठा खेळाडू झालेला नाही. ‘ळ’ अजूनही कधी कधी ‘ल’ होतो. फक्त आता तो थांबतो, शब्द पुन्हा म्हणतो आणि पुढचे वाक्य वाचतो. परवा रात्री खोलीतून त्याचा आवाज आला. कॉलेजातला कुणी नवा मित्र पलीकडे असावा. “घाबरू नको, माझ्या मागे ये. पडलास तर उचलतो.” मी दुधाचा पेला घेऊन दाराशीच थोडा वेळ थांबले.

आपल्या घरात, वर्गात, मशिदीच्या रांगेत जो कुणी आज नवा आहे, त्याच्यासाठी थोडे थांबण्याची तौफीक अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.