कपाटातल्या चाकूची धार

मागच्या आषाढातली गोष्ट. दिवसभर झड लागून राहिली होती आणि संध्याकाळीच वीज गेली होती. रात्री नऊच्या सुमारास गोठ्यातून घुसमटल्यासारखा आवाज आला. बॅटरी घेऊन धावलो, तर सहा महिन्यांची कालवड खुंट्याभोवती फिरून फिरून दाव्यात गुंतलेली. नायलॉनचं दावं भिजून मानेत रुतलं होतं. गाठ सुटता सुटेना. शेजारचे अण्णा पावसातच धावत आले आणि ओरडले, "चाकू तगोंड बर्री, सर!"

चाकू घरात होता. अप्पांचा घडीचा चाकू, लाकडी मुठीचा, पितळी खिळ्यांचा. अप्पा गेल्यापासून कातडी म्यानात घालून मी तो कपाटात जपून ठेवला होता. धावत जाऊन आणला, तर पातं उघडेना. पक्कडीनं ओढून उघडलं तेव्हा बॅटरीच्या उजेडात तांबूस गंज दिसला. दाव्यावर घासू लागलो, तर ओल्या नायलॉनवरून तो नुसता सरकत राहिला. कालवडीची जीभ बाहेर आली होती. तेवढ्यात शेजारच्या अक्का त्यांचा कडबा कापायचा विळा, म्हणजे त्यांच्या भाषेतला कुडगोल, घेऊन आल्या. एका हिसक्यात दावं तुटलं. कालवड वाचली.

नंतर अंगणात उभं राहून मी तो विळा निरखून पाहिला. त्याची पाठ गंजलेली होती, मूठ खिळखिळी होती, पण धार लखलखत होती. आणि ज्याला मी देवासारखा जपला तो चाकू ऐनवेळी निकामी ठरला. मनात एकच प्रश्न आला. चाकू वापरलाच नव्हता, मग त्याची धार गेली कुठं?

आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "धार वापरून झिजते, हे सगळ्यांना माहीत असतं. ती नुसती पडून राहिली तरी जाते, हे कुणाच्या लक्षात येत नाही." चांगल्या पात्याची धार टोकाशी केसाच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही बारीक असते. पात्याच्या पोटावर गंजाचा ठिपका पडला तर काही बिघडत नाही, पण तोच ठिपका धारेवर पडला तर धारच खाऊन टाकतो. हाताचा घाम, लिंबाचा किंवा कैरीचा रस आणि पावसाळी दमट हवा एवढं त्याला पुरतं. कातडी म्यान तर ओल धरून ठेवतं आणि चामडं कमावताना वापरलेली द्रव्यंही लोखंडाला बाधतात. म्हणजे मी ज्याला जपणूक समजत होतो, तीच चाकूला भोवली होती. विळ्याचं तसं झालं नाही, कारण रोजच्या कापण्यानं आणि दगडावर घासण्यानं त्याचा गंज रोजच्या रोज निघून जात होता.

तेव्हा वाचकहो, 'धार टिकणे' याचे दोन अर्थ आहेत. एक, भरपूर कापूनही धार न झिजणे. दोन, महिनोन् महिने पडून राहूनही धार न गंजणे. खाटकाला किंवा सुताराला पहिली गोष्ट हवी. गाडीत, गोठ्यात किंवा प्रवासाच्या पिशवीत अडीअडचणीसाठी जो चाकू ठेवायचा, त्याला दुसरी हवी. दुकानात आपण नेमकी इथेच गल्लत करतो आणि 'सगळ्यात कडक पोलाद द्या' म्हणून मागतो.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. कार्बन वाढला की पाणी दिल्यावर पातं अधिक कडक होतं. आपल्याकडचे लोहार, कन्नडमधले कम्बार, ट्रकच्या कमानपाट्यापासून कोयते, विळे घडवतात. त्या पोलादात अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो. ते चिवट असतं, धार छान घेतं, पण गंजतं. अप्पांचा चाकू असाच साध्या पोलादाचा.

पोलादाचं आणि आपल्या भागाचं नातं जुनं आहे. कन्नडमध्ये पोलादाला 'उक्कु' म्हणतात. या शब्दावरूनच इंग्रजीतला 'वूट्झ' आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दख्खनच्या या पोलादात दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असे. आपल्याप्रमाणेच पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम या गावी ते तयार होई आणि ते घ्यायला इराणचे व्यापारी येत. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे विजेच्या शोधांसाठी प्रसिद्ध झालेल्या मायकेल फॅरेडे यांनीही त्याचा अभ्यास केला. मराठीतलं 'पोलाद' फारसीतून आलं आणि कन्नडचा 'उक्कु' विलायतेला गेला. आपल्या घरात हे दोन्ही शब्द एकाच चुलीपाशी बोलले जातात! पण एवढ्या नामांकित उक्कुलाही गंज चुकला नाही, कारण त्यात क्रोमियम नव्हतं.

१९१३ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रेअर्ली हे बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ पोलाद शोधत असताना सुमारे १३ टक्के क्रोमियमचं पोलाद तयार झालं आणि ते सहजी गंजेना. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पोलादावर अतिशय पातळ थर बसतो आणि तोच आतल्या लोखंडाचं रक्षण करतो. मात्र इथे एक मेख आहे. कार्बन फार असेल तर तो बरंचसं क्रोमियम स्वतःशीच बांधून टाकतो आणि रक्षणाला कमी उरतं. 'डी-टू' नावाच्या पोलादात दीड टक्का कार्बन आणि १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं. त्याची धार खूप कापूनही झिजत नाही, पण ओलीत ठेवलं तर ते गंजतं. शिवाय ते बोथट झालं की घरच्या दगडाला दाद देत नाही.

म्हणून क्वचित वापराच्या चाकूला मध्यम कार्बनचं आणि भरपूर क्रोमियमचं पोलाद बरं. स्वीडनचं '१२-सी-२७' हे असंच एक. त्यात ०.६ टक्के कार्बन आणि १३.५ टक्के क्रोमियम असतं. फ्रान्सचा ओपिनेल हा लाकडी मुठीचा घडीचा चाकू १८९० पासून बनतो. तो साध्या पोलादातही मिळतो आणि स्टेनलेसमध्येही. आपल्यासारख्याने स्टेनलेसचाच घ्यावा. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूंत कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १५ टक्क्यांच्या आसपास आणि कडकपणा रॉकवेल मापाने ५६ असतो. याहून कडक पोलादं पुष्कळ आहेत, पण हे वर्षभर खिशात पडून राहिलं तरी सहसा गंजत नाही आणि दहा मिनिटांत पुन्हा धार घेतं. '४४०-सी' असं लिहिलेलंही चालेल. त्यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास असला तरी क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं, म्हणून ते निभावून नेतं.

माणिकनगरच्या दत्तजयंतीला किंवा हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराच्या जत्रेत चकचकीत चाकूंवर नुसतं 'स्टेनलेस' लिहिलेलं असतं. तेवढ्यावर जाऊ नये. पुष्कळ जण खिशातून चुंबक काढतात आणि चिकटला की 'हे खरं स्टेनलेस नाही' म्हणून परत ठेवतात. इथे उलटं आहे. जेवणाच्या ताटाच्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. त्याला चुंबक सहसा चिकटत नाही, पण पाणी देऊन ते कडकही होत नाही. धार धरणाऱ्या नेहमीच्या स्टेनलेस पात्याला चुंबक चिकटायलाच हवा. आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पातं उघडल्यावर पक्कं अडकतं का, आणि ओल्या हातांनी ते उघडता येतं का. त्या रात्री मला दुसऱ्या गोष्टीची किंमत कळली.

चाकू कितीही चांगला असला तरी निगा लागतेच. वापरल्यावर धुऊन पूर्ण कोरडा करावा, सांध्यातही पाणी राहू देऊ नये. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सांध्यात आणि पुसट हात पात्यावर पुरे. फळ कापण्याआधी तो पुसून घ्यावा. आपल्या घरी करडईचं तेल हाताशी असतं, पण ते लावू नये. ते वाळून चिकट होतं आणि सांधा धरतो. धार फिरत्या चाकावर लावून घेतलीच, तर पातं निळसर पडत नाही ना ते पाहावं. निळं पडलं म्हणजे उष्णतेनं त्या जागचं पाणी उतरलं. त्यापेक्षा घरीच बारीक दगडावर, पाणी लावून, सावकाश घासावं.

आपण खंडेनवमीला, कन्नड घरांत आयुधपूजेला, चाकू-विळ्यांना हळदकुंकू वाहतो. अप्पा त्या दिवशी संध्याकाळीच सगळी हत्यारं पुन्हा पुसून तेलाचा हात फिरवत. लहानपणी मला वाटे, पूजा झाल्यावर हे पुन्हा कशाला? ओलं हळदकुंकू रात्रभर राहिलं तर सकाळी पात्यावर डाग दिसतो, हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांचा चाकू तेवढा ठेवला, ती सवय ठेवली नाही.

आता अप्पांचा चाकू घासून, तेल लावून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळला आहे. म्यान वेगळं ठेवलं आहे. नवा स्टेनलेसचा चाकू गोठ्याच्या खांबाला, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर टांगला आहे. दर अमावस्येला दोन्ही उघडून कागद कापून पाहतो. कालवड आता मोठी झाली आहे आणि तिला नायलॉनऐवजी सुती दावं आहे. तुमच्याही कपाटात असा एखादा चाकू असेल. येत्या रविवारी तो एकदा उघडून पाहा.